तंजावर : चोळांच्या देवळात भोसल्यांची बखर

तंजावरच्या मोठ्या देवळात बहुतेक प्रवासी ज्या कोपऱ्याकडे फिरकत नाहीत, तिथूनच सुरुवात करू या. दर्शन आटोपते, नंदीपाशी फोटो काढून होतात, उन्हाने तापलेल्या फरशीवर पाय पोळू लागतात आणि माणसे बाहेर ठेवलेल्या चपलांकडे धाव घेतात. पण थोडा धीर धरून प्रदक्षिणेच्या वाटेने नैर्ऋत्येकडच्या ओवरीत जावे. तिथल्या भिंतीवर दगडात अक्षरांच्या ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. आतापर्यंत जोत्यावर आणि खांबांवर पाहिलेली जुनी तमिळ अक्षरे इथे नाहीत. इथली लिपी देवनागरी आहे आणि भाषा मराठी.

हा भोसले घराण्याचा इतिहास. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी तो 1803 मध्ये इथे कोरून घेतला. पुराणातल्या वंशावळीपासून निघालेली ही बखर मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज आणि व्यंकोजी अशी पिढ्या ओलांडत थेट सरफोजींच्या काळापर्यंत येते. हा जगातला सर्वांत मोठा शिलालेख आहे असे इथले वाटाडे छातीठोकपणे सांगतात. ती मोजणी त्यांच्यावरच सोपवावी. लेख प्रचंड मोठा आहे, एवढे मात्र डोळ्यांना दिसते.

खरे नवल लेखाच्या लांबीचे नाही, त्याच्या सालाचे आहे. 1803 मध्ये सरफोजींकडे राज्य उरले होते कुठे? चार वर्षांपूर्वी, 1799 च्या ऑक्टोबरात, झालेल्या तहाने तंजावरचा सगळा मुलूख, वसुली आणि न्यायनिवाडा ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजाच्या हाती राहिले ते किल्ल्याच्या आतले शहर, वर्षाला एक लाख होनांचा तनखा आणि वसुलीचा पाचवा हिस्सा. ज्याचे राज्य हातचे गेले त्याने आपल्या घराण्याची कहाणी आठशे वर्षे जुन्या देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवली. का, याचे उत्तर तंजावर पाहता पाहता मिळत जाते. त्यासाठी आधी हे देऊळ ज्याने बांधले त्याच्याकडे गेले पाहिजे.

राजराजाचे दप्तर

चोळ सम्राट पहिला राजराज 985 मध्ये गादीवर आला आणि 1010 मध्ये त्याने या देवळाच्या शिखरावर कळस चढवला. देवाला त्याने आपलेच नाव दिले, राजराजेश्वर. बृहदीश्वर हे नाव नंतरचे. तमिळ माणसाच्या तोंडी मात्र ते नुसते ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठे देऊळ.

तंजावर हा कावेरीच्या खोऱ्यातला भाताचा मुलूख. जमीन गाळाची, सपाट, हिरवीगार. दगड औषधालाही सापडत नाही. अशा ठिकाणी सुमारे 216 फूट उंचीचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, संपूर्ण ग्रॅनाइटमध्ये उभे करायचे तर तो दगड पन्नास-साठ किलोमीटरवरून आणावा लागणार. तसा तो आणला आणि अवघ्या काही वर्षांत काम पुरे केले. दक्षिणेतल्या इतर मोठ्या देवळांत गोपुरे उंच आणि गाभाऱ्यावरचे शिखर बेताचे असते. इथे उलट आहे. गोपुरे ठेंगणी वाटतात आणि शिखर आभाळात घुसते.

या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, ही गोष्ट तुम्हाला रिक्षावाल्यापासून फुलवाल्यापर्यंत प्रत्येक जण ऐकवील. दुपारी चारनंतर पूर्वेच्या बाजूला उभे राहा. सावली चांगली ऐसपैस पडते आणि तिच्यात बसून पोरे खाऊ खात असतात. राजराजाच्या कारागिरांना अशा चमत्कारांची गरज नव्हती.

त्यांचा मोठेपणा मला सर्वांत जास्त जाणवला तो जोत्यावरच्या शिलालेखांत. राजाने हुकूम दिला होता की, आपण स्वतः, आपल्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी देवाला जे जे दिले ते सगळे दगडात लिहून ठेवावे. आणि ते लिहिले गेले. सोन्याचे दागिने वजनासह, मोत्यांची संख्या, दिव्यांसाठी लावून दिलेली गुरे, तूप किती आणि कोणी घालायचे, सगळे. थोरल्या बहिणीचे, कुंदवै हिचे, नाव पुन्हा पुन्हा येते आणि ते राण्यांच्या आधी येते.

याच दप्तरात चारशे नर्तकींची यादी आहे. चोळ राज्यातल्या निरनिराळ्या देवळांतून त्यांना इथे आणले आणि देवळाभोवतीच्या आळ्यांत घरे दिली. प्रत्येकीचे नाव, ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आली, तिचे घर कुठल्या आळीच्या कुठल्या बाजूला कितवे, आणि तिला वर्षाला शंभर कलम भात मिळायचा, हेही लिहिले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे सामान्य बायकांचे पत्ते आपल्याला ठाऊक आहेत! त्याच काळातल्या कितीतरी राजांचे धड नावही ठाऊक नाही. या बायका स्वखुशीने आल्या की राजाज्ञेने, हे दगड सांगत नाही. हिशेबाच्या वहीत ते कधी लिहिले जात नाही.

विमानाच्या वरच्या मजल्यावर भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातली करणे कोरलेली आहेत. एकूण 108 पैकी 81 झाली. पुढच्या 27 दगडांच्या चौकटी कोऱ्याच राहिल्या. एवढे मोठे काम ज्यांनी तडीस नेले त्यांचे हे शेवटचे थोडे काम का राहिले, कोण जाणे. वर जायला प्रवाशांना परवानगी नाही. पण खाली उभे राहून त्या कोऱ्या दगडांची आठवण ठेवावी.

एकावर एक

देवळात शिरतानाच एक गोष्ट ध्यानात येते. पहिला बाहेरचा दरवाजा मराठ्यांच्या काळातला. दुसरा ‘केरळांतकन’, चेर राजाचा पराभव केल्याची आठवण म्हणून राजराजाने बांधलेला. तिसरा ‘राजराजन’. म्हणजे आपण उलटे चालत इतिहासात जातो. आत गेल्यावर नंदी दिसतो, तो नायकांच्या काळातला. अम्मनचे, म्हणजे देवीचे, देऊळ तेराव्या शतकातले, पांड्यांच्या अमलातले. वायव्येचे सुब्रह्मण्याचे नाजूक कोरीव देऊळ पुन्हा नायकांचे. नैर्ऋत्येच्या गणपतीच्या देवळाचा जीर्णोद्धार सरफोजींचा.

हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र कोणी समजू नये. चोळांची सत्ता ढासळली तेव्हा पांड्यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी तंजावर लुटले, जाळले. पुढे विजयनगरचे मांडलिक म्हणून 1532 च्या सुमारास नायक आले. त्यांच्यातला रघुनाथ नायक विद्वान, संगीतज्ञ, तेलुगू कवी. याच रघुनाथाने 1620 मध्ये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना समुद्रकाठचे तरंगंबाडी देऊन टाकले. मिरीचा व्यापार वाढावा एवढाच त्याचा हेतू. या एका खेड्यातून पुढे तंजावरच्या राजवाड्यात काय काय येणार होते, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. नायकांचा शेवट भयंकर झाला. मदुराईच्या नायकाने 1673 मध्ये चाल केली आणि म्हातारा विजयराघव नायक लढता लढता मारला गेला.

पण देऊळ पाडून दुसरे बांधावे असे कोणालाही वाटले नाही. प्रत्येकाने आपली भर घातली. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात तर ही भर अक्षरशः एकावर एक चढली होती. तिथे भिंतींवर नायकांच्या काळातली चित्रे होती. 1931 मध्ये अण्णामलै विद्यापीठातले एस. के. गोविंदस्वामी यांना त्या गिलाव्याखाली दुसरी चित्रे दिसली. ती चोळांची, राजराजाच्या काळातली निघाली. रंग अजून टवटवीत. वरच्या थराने खालच्याला झाकले आणि झाकल्यामुळेच वाचवले. पुढे पुरातत्त्व खात्याने काही ठिकाणी वरचे चित्र न बिघडवता अलग काढून खालचे मोकळे केले. हा बोळ सर्वांसाठी खुला नसतो. आवारातल्या प्रदर्शनात त्या चित्रांचे फोटो मात्र पाहता येतात.

मराठे आले

नायकांच्या वारसाने विजापूरकडे मदत मागितली. विजापूरने पाठवले शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी यांना. इथले लोक त्यांना एकोजी म्हणतात. त्यांनी मदुराईच्या लोकांना हाकलले आणि 1675-76 च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. म्हणजे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन जेमतेम दीड-दोन वर्षे लोटली होती. दोन सावत्र भावांची दोन राज्ये, मध्ये शेकडो कोसांचे अंतर.

1677 च्या दक्षिण मोहिमेत दोघे भाऊ कोळ्ळिडम नदीच्या काठी भेटले. थोरल्याने वडिलांच्या दौलतीतला आपला वाटा मागितला. धाकट्याने काही दिवस चालढकल केली आणि एका रात्री गुपचूप नदी ओलांडून तंजावर गाठले. ही हकिगत वाचताना घराघरातले वाटणीचे तंटे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

सांबार या पदार्थाचा जन्मही याच दरबारात झाला असे सांगतात. संभाजीराजे पाहुणे आले, आमसुले संपली होती, म्हणून चिंच घातली आणि नाव पडले सांबार. गोष्ट मजेदार आहे, पण तिला जुना पुरावा काही नाही. जेवायला बसल्यावर सांगावी आणि सोडून द्यावी.

पुराव्याची गोष्ट याहून मोठी आहे. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी (कारकीर्द 1684 ते 1712) यांनी तेलुगूत लिहिले, तसे मराठीतही. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांचे मराठी नाटक. सांगलीला विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ 1843 मध्ये झाले आणि तिथून मराठी रंगभूमी सुरू झाली असे आपण शाळेत शिकलो. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटके लिहिली जात होती. पण तिकडची गोष्ट इकडे पोचायलाच विसावे शतक उजाडले.

दिलेले राज्य, घेतलेले राज्य

अठराव्या शतकात तंजावर म्हणजे सर्वांच्या डोळ्यांत भरणारे भाताचे कोठार. अर्काटच्या नबाबाने कंपनीची फौज घेऊन 1773 मध्ये ते घेतले आणि तुळजाजी राजांना कैद केले. तीन वर्षांनी, 1776 मध्ये, मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने लंडनच्या हुकमाने राज्य तुळजाजींना परत दिले. पण नबाबाला भरमसाठ व्याजाने कर्ज देणारे कंपनीचेच नोकर होते आणि तंजावरची वसुली त्यांच्याकडे गहाण पडली होती. त्यातल्या पॉल बेनफिल्ड नावाच्या गोऱ्याने आपला मोठा दावा पुढे केला. भांडण इतके विकोपाला गेले की मद्रासच्या कौन्सिलने आपल्याच गव्हर्नरला अटक केली. पुढच्या वर्षी पिगट कैदेतच मेला. एका मराठी राज्याच्या भातावरून मद्रासच्या गोऱ्यांत बंड झाले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

तुळजाजींना पुत्र नव्हता. मरण्यापूर्वी, 1787 मध्ये, त्यांनी भोसले कुळातला दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हेच सरफोजी. सावत्र भाऊ अमरसिंग यांनी दत्तक नामंजूर ठरवून गादी घेतली. पोरक्या मुलाच्या मागे उभा राहिला तो एक जर्मन पाद्री, ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. 1750 मध्ये तो हिंदुस्थानात उतरला तो डेन लोकांच्या तरंगंबाडीलाच. मिरीच्या व्यापारासाठी दिलेल्या गावातून राजवाड्यात शिरला तो असा. श्वार्ट्झ तमिळ बोले, मराठीही शिकला होता. त्याने मुलाला मद्रासला नेऊन शिक्षणाची सोय केली. इंग्रजी, विज्ञान, युरोपचा भूगोल हे सारे सरफोजी शिकले. धर्म मात्र त्यांनी आपलाच ठेवला आणि श्वार्ट्झनेही त्याचा आग्रह धरलेला दिसत नाही. 1798 मध्ये कंपनीने सरफोजींना गादीवर बसवले. त्याच वर्षी श्वार्ट्झ वारला.

शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडवलेला संगमरवरी शिल्पपट आहे. मृत्युशय्येवरचा पाद्री आणि त्याचा हात हाती घेतलेला तरुण मराठा राजा. हे शिल्प सरफोजींनी स्वतः करवून घेतले. मोठ्या देवळापासून हे चर्च चालत जाण्याइतके जवळ आहे, पण मराठी प्रवासी तिथे फारसे जात नाहीत. जरूर जावे.

गादी मिळाली आणि वर्षभरात राज्य गेले. कंपनीने किंमत वसूल केली. सरफोजी तेव्हा बावीस वर्षांचे होते. अशा परिस्थितीत तनखा खाऊन नाचगाण्यात आयुष्य घालवणारे संस्थानिक आपल्याला ठाऊक आहेत. सरफोजींनी चौतीस वर्षे काढली ती पुस्तके जमवण्यात.

सरस्वती महाल

राजवाडा हा शब्द ऐकून कोणी म्हैसूरची कल्पना करून येऊ नये. तंजावरचा राजवाडा म्हणजे नायकांनी बांधलेल्या आणि मराठ्यांनी वाढवलेल्या इमारतींचा पसारा. काही भाग झकपक, काही पडका, कुठे सरकारी कचेरी, कुठे कबुतरे. दरबार हॉलमध्ये फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा पूर्ण पुतळा हात जोडून उभा आहे. शेजारच्या दालनांतल्या चोळकालीन कांस्यमूर्तींसाठी तासभर राखून ठेवावा. मुले कंटाळली तर त्यांना मनोऱ्याच्या पायऱ्यांकडे धाडावे.

सरस्वती महाल ग्रंथालयाची मुळे नायकांच्या ‘सरस्वती भांडारा’त. मराठा राजांनी ते जपले आणि सरफोजींनी त्याचे आजचे रूप घडवले. 1820 च्या सुमारास ते हजारोंचा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. बरोबर पंडित होते. वाटेत आणि काशीत पोथ्या मिळवायच्या, विकत मिळाली नाही तर नकलून घ्यायची, हे काम चालू होते. युरोपातून त्यांनी हजारो छापील पुस्तके मागवली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन. वैद्यक, वनस्पतिशास्त्र, शिल्प, संगीत. पुष्कळ पुस्तकांवर त्यांची इंग्रजी सही आहे.

वाचनाची खोली प्रवाशांसाठी नाही, अभ्यासकांसाठी आहे. प्रवाशांसाठी लागूनच लहानसे संग्रहालय आहे. डॉक्टर जॉन्सनच्या इंग्रजी शब्दकोशाची 1784 सालची प्रत तिथे आहे. शार्ल ल ब्रन या फ्रेंच चित्रकाराची, माणसांचे चेहरे पशुपक्ष्यांशी जुळवून दाखवणारी चित्रे आहेत. ती पाहून लहान मुले आपल्या नातेवाइकांची नावे घेऊ लागतात. चीनमधल्या शिक्षांची चित्रे आहेत, ती लहानांना न दाखवलेली बरी.

यातली सर्वांत हृद्य गोष्ट डोळ्यांची आहे. सरफोजींनी ‘धन्वंतरी महाल’ काढला होता. देशी आणि युरोपीय औषधे तिथे पडताळून पाहत. मोतीबिंदूसारख्या डोळ्यांच्या विकारांवर शस्त्रक्रियाही होत आणि त्यांची टिपणे ठेवलेली आहेत. रोग्याचे नाव, काय झाले, काय केले, आणि सोबत त्याच्या डोळ्यांचे रंगीत चित्र. राजराजाच्या दप्तरात नर्तकींचे पत्ते, सरफोजींच्या दप्तरात रोग्यांचे डोळे. सामान्य माणसाला कागदावर जागा देण्याची ही तंजावरची जुनीच खोड म्हणायची.

छापखानाही त्यांनी काढला, 1805 मध्ये, देवनागरी खिळे पाडून. इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावळी’ त्यात 1806 च्या सुमारास छापले गेले. त्या वेळी पुण्यात पेशवाई नांदत होती, आणि पुण्यातली मुले तेव्हा मराठीतले छापील पुस्तक पाहतही नव्हती. सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नृत्यनाट्यही आहे. कुरवंजी हा मूळचा तमिळ प्रकार. त्यात भविष्य सांगणारी भटकी बाई गाते, नाचते. या मराठी कुरवंजीत ती जगाचा भूगोल सांगते. राजाला आपल्या माणसांना पृथ्वी समजावून सांगायची होती आणि त्यासाठी त्याने निवडली गाणारी बाई!

याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचे वर्ग चेंबूरमध्ये असोत की न्यू जर्सीत, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा क्रम या चौघांनी घातलेल्या वळणाने चालतो.

पण सरफोजींना संत किंवा स्वातंत्र्यवीर करण्याचे कारण नाही. तंजावरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, सेतुबावाछत्रमजवळ समुद्रकाठी ‘मनोरा’ नावाचा षट्कोनी बुरूज आहे. तो सरफोजींनी 1814-15 मध्ये बांधला. कशासाठी? इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या आनंदात! ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या जयाचा बुरूज, आणि त्यावर मराठीसह अनेक भाषांतले लेख. मनोऱ्यासमोर उभे राहिल्यावर हसावे की हळहळावे हे कळत नाही. मला वाटते, दोन्ही लेख एकाच माणसाने का कोरले हे तिथेच उलगडते. ज्याला तलवार उचलता येत नाही त्याने मालकाला खूश ठेवायचे आणि त्याच्या नजरेआड आपले जपायचे. देवळातली बखर आणि महालातल्या पोथ्या त्याने जपल्या त्या अशा किमतीत.

यात्रेकरूंसाठी चालणारी छत्रे, म्हणजे धर्मशाळा, मात्र त्यांनी नेटाने आपल्या हाती राखली. रामेश्वरच्या वाटेवर ही छत्रे होती. प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ त्यांनी ओरत्तनाड इथे छत्र बांधले. तिथे यात्रेकरूंना अन्न मिळे आणि मुलांना शाळा. मुक्तांबाळ लग्नाची राणी नव्हती. तरीही नाव तिचेच दिले.

राण्यांचा दावा

1832 मध्ये सरफोजी गेले आणि चिरंजीव शिवाजी गादीवर आले. 29 ऑक्टोबर 1855 ला तेही वारले. मागे राण्या होत्या, मुली होत्या, मुलगा नव्हता. कलकत्त्याला डलहौसी बसला होता. सातारा, नागपूर, झाशी गेल्यावर तंजावर राहणार कसे?

पण इथे राज्य नव्हतेच, मग खालसा करायचे काय? कंपनीने वाडाच ताब्यात घेतला. 1856 च्या ऑक्टोबरात शिपाई आत शिरले. जडजवाहीर, शस्त्रे, कपडे, खासगी जमिनी, सगळ्यांवर मोहरा लागल्या. यात ग्रंथालयही आले. पोथ्यांचा लिलाव झाला असता तर आज त्या लंडन-पॅरिसच्या कपाटांत शोधाव्या लागल्या असत्या.

थोरल्या राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. झाशीची राणी घोड्यावर बसली, ही कोर्टात गेली. जॉन ब्रूस नॉर्टन या मद्रासच्या इंग्रज बॅरिस्टरने त्यांची बाजू मांडली. मुद्दा साधा होता. राज्य संपले असेल, पण नवऱ्याची खासगी मालमत्ता बायकोची. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने निकाल राणीच्या बाजूने दिला. पडद्याआडच्या मराठी विधवेने ईस्ट इंडिया कंपनीला कोर्टात हरवले, तेही 1857 च्या धामधुमीच्या आसपास.

कंपनी अपिलात गेली. 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. ही जप्ती म्हणजे एका राज्यसत्तेने दुसरीशी केलेला व्यवहार आहे; तो न्यायाचा की अन्यायाचा हे ठरवणे कोर्टाच्या अधिकारात नाही, असे ठरले. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून अभ्यासतात. राणी हरली, पण गवगवा एवढा झाला होता की 1862 मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राजकुटुंबाला परत दिली.

पुढे ए. सी. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने वर्षानुवर्षे खपून संस्कृत पोथ्यांची सूची केली. ती 1880 मध्ये छापली गेली. आणि 1918 मध्ये राजघराण्यातल्या मंडळींनी ग्रंथालय सार्वजनिक करून टाकले. आज तिथल्या संस्कृत पोथ्या काही हजारांत मोजून संपत नाहीत, मराठी हस्तलिखिते सुमारे तीन हजार आहेत आणि मोडी कागदांचे रुमाल हजारावर. ते वाचणारे हात थोडे आहेत. इथल्या तमिळ विद्यापीठात मोडी कागद वाचून त्यांचे तमिळ करण्याचे काम झाले आहे. म्हणजे मराठ्यांचा कारभार आज तमिळ अभ्यासकाला सहज वाचता येतो. मराठी वाचकाला मोडी शिकावी लागेल.

घरातली मराठी

तंजावरचे मराठी लोक आता तंजावरात थोडे आणि चेन्नई, बंगळूर, कोइमतूरकडे जास्त आहेत. घरात मराठी, दारात तमिळ. त्यांची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी निघालेली, वाटेत तमिळची चाल उचललेली. पुण्या-मुंबईच्या माणसाला पहिल्या दोन वाक्यांत ती कळत नाही, तिसऱ्यात कळते आणि चौथ्यात जुन्या पत्रांची भाषा ऐकल्यासारखी वाटते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच समाजातले, कुंभकोणमचे. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते आजही येतात, ती मराठी कीर्तनकारांनी इथे रुजवली. मोठ्या देवळासह 88 देवळांच्या देवस्थानाचे वंशपरंपरागत विश्वस्त अजून भोसलेच आहेत.

चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून तंजावरला रात्रीच्या गाड्या आहेत, अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. विमानाने यायचे तर तिरुचिरापल्ली गाठावे. तिथून रस्त्याने दीड तास. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. दुपारी गाभारा बंद असतो आणि फरशी तापते, म्हणून देऊळ सकाळी लवकर किंवा चारनंतर पाहावे आणि मधला वेळ राजवाड्याला द्यावा. एक दिवस जास्त असेल तर तरंगंबाडीला जाऊन डेन लोकांचा किल्ला पाहून यावे. आणि नैर्ऋत्येच्या ओवरीत जाताना चष्मा विसरू नये. अक्षरे बारीक आहेत, विरामचिन्हे नाहीत आणि शब्द एकमेकांना चिकटून आहेत. वयस्कर मंडळींना ओळ लवकर लागते. मुलांना एक-एक अक्षर बोटाने दाखवावे लागते. मग ‘शिवाजी’ हा शब्द आधी तीच शोधून काढतात.